घरघर

ईसा टाऊनच्या जुन्या बाजारातून रोडेलने तो आणला,
सहा दिनार, घासाघीस करून साडेपाच.
दहा वॅटचा ॲम्प, एक बटण तुटलेलं,
जाळीवर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला डायनोसॉर.
गिटार जोडली, आणि पत्र्याच्या डब्यात
गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज.
वरच्या बंकवर सुकबीर उठून बसला.
रात्रपाळी करून नुकता झोपला होता.

मी लिफ्टवाला. मनामातल्या अठ्ठावीस इमारती
माझ्या भरवशावर वर-खाली होतात.
"बावतीस, बघ ना जरा."
मी प्लग काढला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो.
मोठा कपॅसिटर लगेच विसरत नाही;
हे शिकताना माझी करंगळी आठ दिवस बधिर होती.

आत सगळं स्वस्त, पण वाईट काही नाही.
आठ पायांची एक चिप,
तिच्या वाटेत एकमेकांना उलटे
दोन डायोड, तांदळाच्या दाण्याएवढे.
सुराने मान वर काढली की कापायची, एवढंच त्यांचं काम.
बुटक्या खोलीत उंच माणूस राहतो
तसा राहत होता तो तिथे.

जुफैरच्या हॉटेलातून भंगारात निघालेलं
लिफ्टचं पॅनेल होतं माझ्याकडे.
त्यातले सातव्या आणि नवव्या मजल्याचे लाल दिवे
डाख देऊन बसवले. छत वर गेलं.
चरचर मारायला एक इवला कपॅसिटर आडवा.
पेटीत कापूस, माझ्याच उशीतला
(मान अजून दुखते).
सहा इंची स्पीकरच्या जागी आठ इंची,
कुठल्याशा मोडक्या ऑर्गनचा; भोक हॅक्सॉने वाढवलं, वाकडं.
ओहम मात्र चार वेळा मोजले.

रोडेलने तार छेडली, आवाज एकच्याही खाली.
सुकबीर झोपला होता, झोपूनच राहिला.
आणि सुराला अंग होतं, खांदे होते.
जोरात वाजवलं की मागच्या फटीतून
पुसट लाल लुकलुके,
लिफ्ट सातव्यावर थांबावी, नवव्यावर थांबावी
आणि आत कुणीच नसावं तसं.

एक जमलं नाही. घरघर.
अर्थिंग तीनदा बदललं, ट्रान्सफॉर्मर वळवून पाहिला,
सगळ्या तारा एका स्क्रूशी आणल्या.
कमी झाली, गेली नाही.
आमच्या वसईत माणसाला घरघर लागली
की पाद्रींना बोलावतात.
मी तोंड पाडून बसलो.
रोडेलने कान लावला, मग खिडकीतल्या एसीकडे बोट केलं:
"सेम नोट."
खरंच की. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते,
घरघर त्याच्या दुप्पट. दोघांचीही शंभर.
त्याने सगळ्या तारा त्या सुरात लावून घेतल्या.
मी म्हटलं, आमच्याकडे याला सा म्हणतात.
त्याने तो "सा" दिवसभर मटणवाल्यालाही ऐकवला.

मार्चमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं.
ॲम्प दोन ब्लँकेटांत गुंडाळून इलोइलोला नेला,
सामानाचं जादा भाडं ॲम्पच्या किमतीच्या तिप्पट.
मी व्होल्टेज तपासून दिलं होतं, तेच आहे म्हणून.
हेलकावे तिकडे साठ, हे लक्षातच आलं नाही.

आठवड्याने व्हॉइस मेसेज आला.
बोलणं नाही, गिटार नाही,
नुसता ॲम्प चालू करून ठेवलेला. बावीस सेकंद.
मागे एक कोंबडा.
मी एकाच कानात इयरफोन घातला.
वसईची वीज इथल्यासारखीच, पन्नास;
मी कुठे आलो हे माझ्या कानाला कधी कळलंच नव्हतं.
उघड्या कानात एसी, सा.
दुसऱ्यात त्याचं घर,
बरोब्बर कोमल गंधार.

सुकबीरने वरून हात खाली सोडला.
दुसरा इयरफोन त्याला दिला.
"यात काही वाजत नाहीये," म्हणाला,
आणि तसाच पडून राहिला, कानात ठेवून.