डबीचा आवाज

माझं काम गोळ्या मोजण्याचं.
महिन्याला तीस संपल्या पाहिजेत. किती उरल्या,
का उरल्या, हे विचारायचं.
नर्स आठवड्यातून दोनदा डोंगर चढून येते.
बाकीचे दिवस मी, एक टेबल, रॉकेलचा हीटर
आणि लोकांचे प्रश्न.

लेसोथोच्या या उंचीवर डास फिरकत नाही,
तरी पहिला प्रश्न डासाचाच.
मग ज्वारीच्या दारूच्या एकाच डब्याला
पाच तोंडं लागतात त्याचं काय,
चर्चमधल्या बाकाची ऊब, उसनं घेतलेलं ब्लँकेट,
खोकणाऱ्या भावाशेजारची उशी.
नाही, म्हणते मी. त्यानं नाही. त्यानंही नाही.
लोक थोडे हिरमुसतात.
इतक्या वर्षांच्या भीतीला
एवढंसं उत्तर पुरत नाही.

आज मोहापी आला. खाणीतून कायमचा परतलेला,
खांद्यावर पिन लावलेलं ब्लँकेट, बुटांवर बर्फ.
खिशातून चार घड्यांचा कागद काढला,
घड्यांवर फाटत आलेला.
"यंत्राला सापडला नाही," त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं,
"म्हणजे गेला. गोळ्या थांबवल्या मी.
सात आठवडे झाले. उरलेल्या घळीत फेकल्या,
डबीत आता खिळे ठेवतो."

मी हीटर त्याच्याकडे सरकवला.
मोहापी, गेल्या हिवाळ्यात
तुझ्या गोठ्याकडे गुरं चोरणारे दिसले का?
"नाही."
मग कुत्रा सोडून दिलास?
"कुत्रा होता म्हणून तर नाही आले!"
मी काहीच बोलले नाही.
बाहेर त्याचा घोडा वाफा सोडत उभा.

दबा धरून बसतो तो, मी म्हटलं मग,
अंगात खोल कुठंतरी, झोपेचं सोंग घेऊन.
यंत्र रक्तात बघतं. झोपलेला त्याला दिसत नाही.

आवाज उतरवून त्यानं पुढचं सांगितलं.
दोन वर्षं तो जमिनीवर झोपत होता,
माकात्लेहो खाटेवर.
कागद मिळाला त्या रात्री तो वर गेला.

अरे, अर्धं बरोबर आलं होतं तुझं!
गोळी रोज पोटात, आणि यंत्राला सापडत नाही
असं सहा महिने टिकलं, टिकत राहिलं,
तर झोप की तिच्याशेजारी. मूल होऊ दे.
तुझ्याकडून तिला जात नाही.
यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून
मी दोनदा म्हणते: अजिबात जात नाही.

हे बोलता बोलता त्याची फाइल उघडली.
आत आधीचे तीन कागद. तिन्ही असेच.
तिन्हींवर माझ्याच अक्षरात: छान.
छान म्हणजे काय
हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.
दोन वर्षं. फरशी. इथला हिवाळा.

मग भरभर बोलत सुटले. आज रक्त देऊन जा.
गोळ्या आजपासून पुन्हा. तिला घेऊन ये,
तिची तपासणी, काही आठवड्यांनी आणखी एकदा,
न लागलेल्यांसाठीही रोखणारी गोळी असते,
तोवर कंडोम. तो मान हलवत होता,
बघत होता माझ्या हातातल्या कागदांकडे.

नवी डबी त्यानं कानाशी नेऊन हलवली.
"कापूस आहे?
घोडा दुडकला की सगळ्या गावाला ऐकू जातं."

एकोणीस वर्षांपूर्वी मी लोकर कोंबायचे
माझ्या डबीत. त्याआधी सासू विचारायची,
घरात उंदीर झालेत का.

ड्रॉवरमधून कापूस काढून दिला.
सगळं धाडस एकाच दिवशी
मागू नये माणसाकडे.

तो गेला. वहीत लिहिलं: उरल्या, शून्य.
लगेच खोडलं. त्या शून्याचाही
भलताच अर्थ निघाला असता.

बाकावर पोंत्शो कधीची बसलेली,
पंधरा वर्षांची, जन्मापासून आमच्याकडे.
"मला डासाचं विचारायचं नाहीये," म्हणाली.
ये आत, मी म्हटलं,
आणि दार लोटून घे.