चौथ्या रांगेतला कान

दासरी मास्तर सांगायचे, रंगखात्यातले,
ज्यांच्या नखांतला निळा निवृत्तीनंतरही गेला नाही:
पहिल्या फेरीत पाकीट घरी ठेवायचं.
हात पाठीमागे बांधून फिरायचं,
जावई पहिल्यांदा सासुरवाडीत फिरतो तसं.
दुसऱ्या फेरीत पाठी बघायच्या,
चित्रांच्या:
सही, साल, वाळवीची भोकं, आधीच्या मालकाचं लेबल.
आणि शेवटच्या संध्याकाळी, रिकामी खोकी आत येऊ लागली
की भाव आपोआप खाली बसतो,
स्टोव्हची हवा सोडल्यासारखा.

मी हे सगळं पाळलं.
नवी पेठेत चष्म्याचं दुकान, एकतीस वर्षं.
भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्या भोवती
हप्त्याहप्त्यानं जमवलेली सतरा चित्रं.
गिऱ्हाईक विचारतं, ही पण वाचायची का?

यंदाचा कलामेळा अक्कलकोट रोडला,
बंद कारखान्याच्या शेडमध्ये.
माग होते तिथे जमिनीत अजून बोल्ट उभे,
त्यांना ठेचकाळत पुण्याची मंडळी
मोठ्या कॅनव्हासांपुढून मागे मागे सरकत होती.
पहिल्या रांगेत तासाभरात लाल टिकल्या लागल्या.
(त्यातल्या दोन गॅलरीवाल्यानं स्वतःच लावलेल्या.
टिकली बघून टिकली लागते.)

चौथ्या रांगेत, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे,
नागमणी कुरापाटी.
एक स्टूल, एक डबा, सहा चित्रं,
चादरीचं डिझाइन काढायच्या चौकटींच्या कागदावर.
त्यातलं एक कानाचं.
नुसता कान, म्हाताऱ्या माणसाचा,
आत कापसाचा बोळा.
एकेक चौकट पेन्सिलीनं भरलेली,
बोळ्यापुरता कागद कोरा.
चौदा हजार.

मी पुढे गेलो. नियम म्हणजे नियम.
जेवून आलो. पुन्हा गेलो.
विचारलं, फ्रेम धरून का?
विचारलं, कागद पिवळा पडेल का, पावती मिळेल का,
सही मागे का केली?
ती उत्तरं देत होती, मीटरवर मोजून फाडल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी म्हणालो, दहा?
शेंगाचटणीवर तेल सोडत ती म्हणाली,
"गड्ड्याच्या जत्रंत चालतंय तसं."

तिसरी संध्याकाळ. चिकटपट्ट्यांचा चर्र आवाज सगळीकडे.
माझ्या डाव्या खिशात साडेअकरा, रबर लावून.
उजव्यात अडीच, लागलेच तर.

कान भिंतीवर नव्हता.
टिकलीही नव्हती.
जुन्या चादरीत गुंडाळून ती गाठ मारत होती.
विकलं?
"न्हाई."
मी दोन्ही खिसे स्टुलावर ठेवले. पूर्ण चौदा.
तिनं गाठ आणखी एकदा आवळली.
"पाच खेपा आलाव तुमी. कागदाचं विचारलाव, सहीचं विचारलाव.
बोळा कसला ते न्हाई विचारलाव."
मग, जरा मऊ होऊन,
"काल नाना आलते. त्यांचाच कान हाय तो.
बगून म्हणाले, कापूस कुठला आम्हाला,
सुताची चिंधी घालायचो, तेलकट.
चुकलंय ते. नीट करून आणते पुढच्या साली."

आणि माझ्या तोंडून, सवयीनं,
तेव्हा भाव काय?
तीन दिवसांत पहिल्यांदा ती हसली.
"वाढंल की."

दुकानात खिळा मी आधीच ठोकला होता,
तक्त्याच्या उजवीकडे.
काल साखर पेठेतला एक म्हातारा तपासायला बसला.
वरून खाली नीट वाचत आला,
शेवटची ओळ संपली तरी थांबेना,
खिळ्याकडे बोट करून म्हणाला, अनुस्वार.
बरोबर, म्हणालो.
मग भिंग पुसता पुसता विचारलं,
तुम्ही मागावर होता ना? कानात काय घालायचात?

"आँ?"