हाताची घडी

बेटावदच्या स्टँडवर फ्लेक्स लागलाय माझा.
फोटोत मी दोन शेड गोरा,
मरून टोपी जरा जास्तच लाल,
मागे फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने
बर्फाचा डोंगर आणि एक वाघ टाकलाय.
हवालदार चुडामण देवचंद पाटील यांचे हार्दिक स्वागत.
हाताची घडी घातलेली.
ती मीच घातली होती,
फोटोग्राफर काही बोलला नव्हता.

अकॅडमीची पोरं पहाटे पांझरेच्या पुलापर्यंत पळतात,
परतताना आमच्या ओट्यापाशी मुद्दाम वेग वाढवतात.
सरांनी सांगितलंय त्यांना,
भाऊ डोळे बांधून, वीस सेकंदांत
पट्टा आवळून रक्त थांबवतो.
अठरा, असं मी म्हणत नाही.
अठरा बॅरेकच्या फळ्यावर आहे,
दोन वर्षं माझ्या नावापुढे, खडूने,
आणि बावीस वर्षांचा एक केरळी पोरगा
परवा सतरावर आलाय.

तुकडीत मला कुणी नावाने हाक मारत नाही.
डॉक्टरसाब म्हणतात. डॉक्टर मी नाही.
विमानाचं दार उघडलं की सगळे एकदा खाली बघतात
आणि एकदा माझ्याकडे.
तेव्हा चेहरा कसा ठेवायचा
हे कुठल्याच कोर्सला नव्हतं.
मी तो दाढीच्या आरशात बसवला:
भुवया सैल, जबडा बंद, डोळ्यांत थोडा कंटाळा.
कंटाळा महत्त्वाचा.
कंटाळलेला माणूस घाबरलाय
असं कुणाला वाटत नाही.

रिगझिनने विचारलं होतं, साब, ठीक हूँ ना?
एकदम, मी म्हणालो.
माझा हात त्याच्या मांडीत
मनगटापर्यंत होता.
एकदम.
तो शब्द अजून तोंडातून गेलेला नाही.
बायको विचारते, वांगी भाजीची घेऊ का भरताची,
आणि मी म्हणतो, एकदम.

वर्षातून एकदा फॉर्म येतो.
झोप कशी लागते. हात थरथरतात का.
तो वाटतो मी, गोळा करतो मी.
कुठल्या रकान्यात खूण केली
की माणूस तुकडीतून थेट स्टोअरला जातो
आणि ब्लँकेटं मोजत बसतो,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
पोरांना सांगतो, खरं लिहा रे.
माझा सगळ्यांत शेवटी भरतो,
पेपर आधीच फुटलेल्या मुलासारखा,
एका दमात.

काल शाळेत सत्कार झाला.
सरपंच माइकवर म्हणाले,
याचे हात बघा, दगड आहेत दगड.
टाळ्या.
मी हाताची घडी घातली.
पहिल्या रांगेतल्या बारक्यांनीही घातली,
बाईंनी न सांगताच,
वर तोंडावर बोट.

संध्याकाळी मळ्यात भरीत.
पऱ्हाट्यांच्या धगीवर वांगी तडकू लागली,
सालीचा वास आला
आणि मी उठून विहिरीकडे गेलो.
मागे कुणीतरी म्हणालं,
भाऊला हेडक्वार्टरचा फोन असेल.

काठावर भुरीमाय बसली होती,
थर्मास घेऊन, पाय सोडून.
अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली. माझीही.
अंधारातही तिने आधी हातच पाहिले.
कापतस?
मी एकदम म्हणणार होतो.
मना बी कापतस, ती म्हणाली.
पोर हातमा उनं का, मंग.
आधी नही.

मग बराच वेळ ती
जळालेल्या मोटरीबद्दल बोलत राहिली,
वायंडिंगवाल्याने कसे हजार जास्त लावले,
आणि बोलता बोलता बशीत चहा ओतला.

माझी बशी तिने अर्धीच भरली.