हद्द कायम

निवृत्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात मी दार काढलं,
मागच्या खोलीचं,
पुराच्या पाण्यात फुगलेलं, मग उन्हात वाळून
जवळजवळ सरळ झालेलं.
पाणसळ ठेवली. बुडबुडा केसभर पश्चिमेला.
चालेल. याहून तिरके बांध
कागदावर सरळ केलेत मी.

सुमित्रा म्हणाली, "खोलीला आता पडदा लावू का?"
"लाव."
साडेसहा फूट गुणिले अडीच.
एवढ्यात एक आगगाडी बसवायची आहे.

पुण्याहून नमुन्याचे दोन डबे मागवले.
जमदाड्यांचा पोरगा पार्सल देताना म्हणाला,
"नातवाला का, काका?"
"हो," म्हणालो.
नातू नाही.

एक डबा एकास सत्त्याऐंशी.
तळहातावर वजन लागतं त्याचं, खिडक्यांचे गज मोजता येतात.
दुसरा एकास एकशे साठ.
चष्म्यावर भिंग धरून चाकं रुळावर चढवायला गेलो,
तीनदा घसरली.
चहा थंड झाला.

पस्तीस वर्षं भूमी अभिलेखात.
प्रमाण वरून ठरून यायचं:
गावठाण एकास पाचशे, शिवार एकास हजार.
आपण साखळी ओढायची, निशाण रोवायचं,
दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या.
निवडायला कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

रात्री जुन्या मोजणी नोटिशीच्या पाठीवर हिशोब मांडला.
शंकू साखळी तेहतीस फूट, तिचा चौरस म्हणजे गुंठा.
सत्त्याऐंशीने भागली तर या दारावर
पावणेतीन एकर निघते.
एकशे साठने भागली तर
साडेनऊ.

साडेनऊ एकर!
सगळ्या तालुक्याचे सातबारे हाताखालून गेले,
माझ्या नावाचा एकही नाही.
दोन वाजेपर्यंत झोप आली नाही.
यार्ड होईल, पाण्याची टाकी, उसाचं वजनकाट्याचं आवार...
पण त्या एवढ्या जमिनीत माणूस
भिजवलेल्या तांदळाएवढा.
बांधावर दोघं भांडायला उभे केले
तर कोणी कोणाची गचांडी धरली, कळायचं नाही.

मोठ्या मापाला वळण पुरेना.
अठरा इंची त्रिज्या, छत्तीसची रुंदी,
दार तीस.
वर आपली रुंद गाडी त्या परदेशी रुळांवर
पावणेतीन मिलिमीटरनं खोटी पडते, ते वेगळंच.
सहा इंच कुणाकडून घेऊ?
भिलवडीकडे दुहेरीकरणाला शेवंताबाई मगदूमची
विहीर गेली. मोजणी माझी.
ती म्हणाली होती, "जाईल की गाडी जरा वळून."
मी म्हणालो, बाई, गाडी अशी वळत नसते.
पंचनाम्यावर तिचा अंगठा अजून ओला होता.

मग मिरज आठवलं.
एकाच स्टेशनात तीन रुंद्यांचे रूळ,
आणि कडेला, लातूरकडे निघालेली, ती छोटी.
ती वळायची.
अडीच फुटी रूळ तिचे.
मी उठून दाराची रुंदी पुन्हा मोजली.
अडीच फूट.
खरी गाडी या दाराएवढ्या रुंदीवरून
माणसं, कोंबड्या, गुळाच्या ढेपा घेऊन जात होती
आणि मी सहा इंचांसाठी भिंतीकडे बघत बसलोय.

अडीच फूट भागिले सत्त्याऐंशी:
पावणेनऊ मिलिमीटर.
बारक्या मापाचा रूळ: नऊ.
पाव मिलिमीटरची चूक.
खात्यात एवढी माफ असते.
म्हणजे माणसं मोठ्या मापाची, रूळ बारक्या मापाचे.
पावणेतीन एकर पुरे.

सकाळी सुमित्रानं प्लायवर एक वाटी उपडी ठेवली.
"विहीर एवढी येते का बघा."
मोजली. वीस फुटी. बरोबर येते.
तिला मी शेवंताबाईचं कधी सांगितलं होतं, आठवत नाही.

शिसपेन वाटीच्या कडेनं फिरवली, चार बोटं अंतर सोडून,
वळण बसलं.
गट नंबर घालायचा राहिलाय.
पडदाही.