सुस्थितीत

करार अकरा महिन्यांचा,
डिपॉझिट साठ हजार,
डहाणूकर कॉलनीत दुसरा मजला,
खिडकीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो.
त्याचे वेगळे पैसे नाहीत, असं बेहेरे म्हणाले होते
आणि हसले नव्हते.

सातव्या कलमात होतं :
जागा सुस्थितीत परत करावी.
तो शब्द भुंग्यानं खाल्ला.
खरंच. नेमका तेवढाच कोपरा.
नोटरीच्या शिक्क्याला दात लावला नाही.

भुंगा हे नाव निनादनं ठेवलं, पहिल्याच रात्री,
पलंगाच्या पायातून कुरकुर ऐकू आली तेव्हा.
मला वाटलं, वाळवी.
वाळवी परवडली असती. तिला औषध आहे.

मग एकेक जात गेलं.
माझ्या डाव्या चपला
(उजव्या सगळ्या शाबूत, दाराशी रांगेत,
जणू घरात एका पायाच्या चार बायका राहतात),
कुकरची रिंग, दोन चार्जर,
तिसरा फक्त चाखलेला,
निनादच्या हेल्मेटचा पट्टा,
त्याचं दुःख या शहरात कुणाला सांगावं.
सासूबाईंनी पाठवलेली आंबापोळी मात्र हुंगून सोडली.
त्याला लाकूड आवडतं.
जुनं, सागवानी, दुसऱ्याच्या मालकीचं.

मी ओरडते. तो कान पाडतो,
आणि एक वाजून एका मिनिटानं दुकानाशी पोचलेल्या
गिऱ्हाईकासारखा बघत राहतो.

एका रात्री पायपुसण्यात दात सापडला.
दुधाचा. तांदळाच्या कणीएवढा.
एवढ्याशा हत्यारानं बेडरूमची चौकट
वीतभर कोरली होती.
मी तो करंड्यात ठेवला, कुंकवाशेजारी.
का, ते विचारू नका.

पाच तारखेला बेहेरे येतात, मीटरचा आकडा लिहून न्यायला.
खडकीच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं तपासनीस होते,
खिशात अजून टेप असते.
आम्ही चौकटीवर टॉवेल लटकवला.
भुंग्यानं तो ओढून त्यांच्या पायाशी आणून टाकला.
घरात तेवढा एकच प्रामाणिक.

बेहेरे वाकले. टेप लावली.
“सव्वाआठ इंच,” म्हणाले. वहीत लिहिलं.
मग न विचारता स्वयंपाकघराच्या दाराशी गेले,
बोट दाखवलं.
“इथे हात फिरवा. अजून खाली. रंगाखाली.”

ऑइलपेंटचे तीन थर,
आणि त्यांच्या पोटात खाचा,
बारीक, तिरप्या, एकीला लागून दुसरी.

“होती एक,” म्हणाले. “एक्याण्णव साली.”
नाव सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
“आमची ही म्हणत होती, लांबी भरून घ्या.
मी म्हटलं, नुसता रंग लावा.”

एव्हाना भुंगा त्यांच्या बुटाच्या लेसवर होता.
ते पाय हलवेनात.
गॅसवर चहा उतू गेला, मी गेले नाही.
लेस तुटेपर्यंत ते तसेच उभे,
बँकेत पेन्शनच्या रांगेत उभं राहावं तसे,
समोर बघत.

जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबले.
“चौकटीचे पैसे डिपॉझिटमधून कापावे लागतील, हं.”
मग, वळून न बघता,
“लेसचे नाही.”

पुढच्या पाच तारखेला आले
तेव्हा पायात जुनी कातडी चप्पल होती,
डाव्या अंगठ्याशी आधीच उसवलेली.
ती त्यांनी दाराशी काढली नाही.
आत येऊन खुर्चीत बसले,
डावा पाय जरा पुढे केला
आणि मीटरचा आकडा
मलाच विचारला.