चतुःसीमा

एरंडोलच्या निबंधक कचेरीत पंखा गरगरतोय.
साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
आमच्याच वावरातली लिंबं.
भावानं सकाळीच पिशवीभर आणलीत, उत्राणहून.

छप्पनच्या दुष्काळातली पणजी.
आधीची तीन गेली म्हणून हिला सुपात घालून
उकिरड्यावर ठेवली,
शेजारणीनं पसाभर कोंडा देऊन विकत घेतली
आणि परत आईच्या ओटीत टाकली.
सुपडाबाई.
पहिला खरेदी-व्यवहार तिचाच झाला.
तिनं पुढे दंडातल्या वाक्या, पायातले तोडे मोडले,
गिरणेकाठी दोन बिघे घेतले.
कागद्यांच्या आळीतला जाड पिवळा कागद,
वर राजाचा मुखडा, खाली नाव नवऱ्याचं.
कुणी विचारलं तर हसायची:
"नाव काय, माणूसच मन्हा शे."

तिची लेक केवडा, माझ्या वडलांची आत्या.
कपाळ पांढरं झालं त्याच हिवाळ्यात
भावानं बैलगाडी जुंपून कचेरीत नेली.
"मले काय करनं शे वावर?
माहेरनी वाट ऱ्हावू दे, भो."
अंगठ्याची निळी शाई पदराला पुसली.
त्या लुगड्याची गोधडी झाली.
लहानपणी मी त्या ठिपक्यावर बोट ठेवून झोपायचे,
मला वाटायचं, नक्षी आहे.

इंदूआत्या कंदिलाच्या वर्गात नाव गिरवायला शिकली.
पहिल्या इ-पाशी दरवेळी अडायची,
ऱ्हस्व की दीर्घ?
पूर्ण नाव तिनं जन्मात दोनदा लिहिलं,
रेशनकार्डाच्या अर्जावर आणि हक्कसोडीवर.
हिरवं पातळ मिळालं.
आखाजीला आली, पण झोक्यावर बसेना.
म्हणाली, चक्कर येते.

मी चाळीसगावला भूगोल शिकवते.
सही झोकात करते, रेघ ओढून.
पण यंत्राला सही नको, अंगठाच हवा,
आणि माझा अंगठा त्याला ओळखू येत नाही.
"खडूनं झिजलाय, ताई," कारकून म्हणतो, "लिंबू चोळा."
आणि आमचंच एक लिंबू कापून देतो.

तो हात पुसेपर्यंत मी कागद वाचायला घेते.
भाऊ म्हणतो, त्यात काय वाचायचं, ठरलेलं असतं सगळं.
पूर्वेस आत्माराम दगडू यांचे शेत.
पश्चिमेस गिरणा.
दक्षिणेस गाडरस्ता.
उत्तरेस सुपडीची विहीर.

शंभर वर्षं प्रत्येक लेखनिकानं ते उतरवून घेतलं,
बाईचं नाव आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.
आलं असतं तर
यजमानाचं घातलं असतं.

लाल दिवा. "परत ठेवा."
लाल दिवा.
भाऊ खुर्ची जवळ ओढतो, आवाज खाली आणतो,
घरचा, अहिराणी आवाज, जो तो कचेरीत वापरत नाही:
"आखाजीले येशी ना, बहीन?"

अंगठ्यावरच्या कुठल्याशा चिरेत लिंबू झोंबतंय.
तो वाट बघतोय.
मी अजून उत्तरेपाशीच थांबलेय.