एक जून

जिंतूर तहसीलच्या मागच्या खोलीत
मी कोष्टकाला विचारतो:
पासष्ट पूर्ण झालेले कोण कोण?

अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला.
मास्तरांनी एका बैठकीत
सगळ्यांच्या आयांची सुटका केलेली.

कौसाबाई घुगे तीन ओळींत आहे:
आधारवर चौसष्ट,
रेशनकार्डावर एकाहत्तर,
मतदारयादीत पुरुष.

"मव्हं वय? येलदरीच्या भिंतीवर माती पडत व्हती
तव्हा मी मायच्या कडेवर.
दात आल्ते का न्हाई, आता कोणाला पुसावं?"

मी एक नवा रकाना ओढला: भरवसा.
चौसष्टला तीन आणे, एकाहत्तरला पाच,
धरणाला आठ.
पुरुष सोडून दिला.
बेरीज सोळा आणे भरावी, एवढाच नियम.

पुन्हा विचारलं.
उत्तर आलं: तेरा आणे होय.

वरून आलेल्या नमुन्यात मात्र
दोनच चौकोन,
आणि पेन माझ्या हातात.

"तीन आणे कमी पडतात, मावशी."

अंगठ्याची शाई पदराला पुसत
ती खिडकीशी आणखी वाकली.
"येवढंच व्हय?" म्हणाली,
आणि कमरेची चंची सोडू लागली.